पट्टीपासून तारेपर्यंत : प्रस्तावना

पियानोच्या देखभालीचा विषय निघाला म्हणजे, ज्यांच्या घरी हे वाद्य दोन-दोन पिढ्या नांदले आहे अशा कुटुंबांतही, बहुधा एकच गोष्ट बोलली जाते. ती म्हणजे तारा सुरात आहेत की नाहीत. ट्यूनर येतो, खुंट्या पिळतो, सूर लागतो, आणि वाद्य नीट झाले असे समजून सर्वजण स्वस्थ होतात. परंतु तारा बिनचूक सुरात असूनही वादकाच्या बोटांना वाद्य जेव्हा आपले वाटत नाही, अतिमंद स्वर काढू जावे तर तो उमटतच नाही, आणि एकच स्वर त्वरेने पुन्हा पुन्हा वाजवू जावे तर तिसऱ्या-चौथ्या आघाताला हातोडी साथ सोडते, तेव्हा पट्टी आणि तार यांच्या दरम्यान लाकूड, नमदा, चामडे आणि धातू यांचे जे गुंतागुंतीचे यंत्र बसविलेले असते त्याच्या जुळणीकडे पाहावे लागते. या यंत्राला कारागीर ‘ॲक्शन’ म्हणतात आणि त्याच्या जुळणीला ‘रेग्युलेशन’. ग्रँड पियानोची ॲक्शन वाद्यातून बाहेर काढून, कामाच्या मेजावर ठेवून, तिचे रेग्युलेशन कसे करावे हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

मराठी वाचकाला पट्ट्यांचे वाद्य अपरिचित नाही. पेटी तर घरोघर होती, आणि संगीत नाटकाच्या वैभवकाळात ऑर्गनचे सूर ज्यांनी ऐकले त्यांच्या स्मरणातून ते कधी गेले नाहीत. पण या वाद्यांत पट्टी दाबली असता केवळ वाऱ्याची वाट उघडते. ती हळू दाबली की झटक्याने, याचा स्वराच्या लहानमोठेपणाशी फारसा संबंध राहत नाही, कारण तो अधिकार भात्याकडे असतो. पियानोला भाता नाही. तेथे पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, तेवढ्यात हातोडी सुमारे ४५ मिलिमीटर वर चढते, आणि तारेला स्पर्श होण्यापूर्वीच्या शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरांत ती पट्टीपासून पूर्णपणे सुटलेली असते. ती तशी सुटली नाही तर तारेवर दाबून बसेल आणि जो स्वर निर्माण करावयाचा त्याचाच गळा घोटील. म्हणजे वादकाच्या मनातला सारा भाव, त्याचे मार्दव आणि त्याचा आवेग, हातोडी सुटण्यापूर्वीच तिच्या वेगात उतरला पाहिजे. त्यानंतर तिच्यावर कोणाचीही हुकमत चालत नाही. बाल्टिमोर येथील ओटो ऑर्टमन यांनी १९२५ साली पियानोच्या स्पर्शाचे आणि नादाचे भौतिक विवेचन प्रसिद्ध केले, त्यात या गोष्टीचा सप्रयोग खुलासा आहे. हातोडी सुटण्याचा हा क्षण कोठे यावा, किती आधी यावा, आणि ८८ पट्ट्यांच्या बाबतीत तो सारखाच कसा यावा, हे ठरविणे म्हणजेच रेग्युलेशन होय, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

यंत्राची रचना येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पट्टी ही पिनेवर तोललेली एक लांब तरफ असून तिच्या मागच्या भागावर कॅपस्टन नावाचा गोल माथ्याचा स्क्रू असतो. पट्टी दाबली की कॅपस्टन वर चढतो आणि आपल्यावर टेकलेल्या ‘विपेन’ या दुसऱ्या तरफेला उचलतो. विपेनच्या अंगावर दोन भाग असतात. पहिला जॅक, म्हणजे एक काटकोनी दांडा, जो हातोडीच्या दांड्याखालच्या चामडी रोलरला वर ढकलतो. आणि दुसरा रिपिटिशन लिव्हर, जो स्प्रिंगच्या बळावर त्याच रोलरला आधार देतो. हातोडी तारेच्या निकट पोहोचली की जॅकचा आडवा हात लेट-ऑफच्या, म्हणजे सुटकेच्या, बटणाला अडतो, जॅक रोलरखालून निसटतो आणि उरलेला प्रवास हातोडी केवळ प्राप्त वेगावर करते. परतताना तिची शेपटी बॅकचेक या चामडे मढविलेल्या ठोकळ्याला अडकून धरली जाते. आणि वादकाने पट्टी किंचित सैल सोडताच स्प्रिंग हातोडीला अलगद उचलते, जॅक पुन्हा रोलरखाली शिरतो, आणि पट्टी पूर्ण वर येण्याची वाट न पाहता दुसरा आघात सिद्ध होतो. वाद्ययंत्रांच्या इतिहासात याहून सूक्ष्म कल्पना फार थोड्या असतील.

ही कल्पना एका दिवसात किंवा एका डोक्यातून निघालेली नाही. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातील वाद्यकार बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडविला, तेव्हाच हातोडी तारेजवळ सुटली पाहिजे आणि परतताना धरली गेली पाहिजे, या दोन्ही गरजा त्याने ओळखल्या होत्या. त्याचे १७२० सालचे वाद्य आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. शिपिओने माफ्फेई याने १७११ मध्ये या यंत्राचे वर्णन आकृतीसह छापले, त्याचा जर्मन तर्जुमा १७२५ मध्ये झाला, आणि गॉटफ्रीड झिल्बरमान या ऑर्गनकाराने त्या वाटेने जाऊन स्वतःचे पियानो केले. योहान सेबास्तिआन बाख याने ते वाजवून पाहिले तेव्हा नाद वाखाणला, पण वरचे स्वर दुबळे आहेत आणि पट्ट्या फार जड आहेत अशी तक्रार केली, व पुढे सुधारलेले वाद्य पाहून समाधान व्यक्त केले, असा वृत्तांत त्याचा शिष्य आग्रिकोला याने लिहून ठेवला आहे. पियानोच्या अगदी बाल्यावस्थेत एका थोर संगीतकाराने काढलेली ही कैफियत नादाइतकीच पट्टीच्या भाराविषयी होती, आणि वाद्यकाराने ती मनावर घेतली, हे मला फार बोलके वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन संप्रदाय स्पष्टपणे वेगळे झाले. ऑग्सबुर्गचा योहान आंद्रेआस स्टाइन आणि त्याच्यामागून व्हिएन्नात त्याची कन्या नानेट श्ट्राइखर, आंतोन वाल्टर इत्यादिकांनी जी रचना रूढ केली तिच्यात हातोडी पट्टीवरच आरूढ असते आणि तिचे डोके वादकाच्या दिशेला असते. पट्टी उथळ, स्पर्श हलका, आणि नाद स्पष्टोच्चारित. मोझार्टने १७७७ च्या ऑक्टोबरात ऑग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात स्टाइनच्या वाद्यांची जी प्रशंसा केली, तिच्यात हातोडी आघात होताच तत्काळ खाली येते या गुणाला मानाचे स्थान आहे. दुसरा संप्रदाय इंग्रजांचा. अमेरिकस बॅकर्स याच्या १७७२ च्या ग्रँडपासून निघून जॉन ब्रॉडवुडच्या कारखान्यात प्रौढ झालेल्या या रचनेत हातोड्या पट्टीपासून विभक्त, स्वतंत्र आडीला टांगलेल्या असतात. पट्टी खोल, भार अधिक, नाद भरदार. ब्रॉडवुडने बीथोव्हनला भेट दिलेले वाद्य १८१८ मध्ये त्याच्याकडे पोहोचले. व्हिएन्नाची परंपरा दुबळी होती म्हणून मागे पडली असे पुष्कळदा लिहिले जाते, ते मला मान्य नाही; मोठी दालने, जाड तारा आणि लोखंडी चौकट यांचा काळ आला तेव्हा जड हातोडी पट्टीवरच बसविणे अवघड होऊ लागले, इतकेच. बोझेन्डॉर्फरसारख्या घराण्याने ती रचना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सांभाळली होती.

आजची ग्रँड ॲक्शन ही इंग्रजी शाखेवर पॅरिसच्या सेबास्तियाँ एरार याने केलेले कलम आहे. दुहेरी सुटकेची त्याची युक्ती, म्हणजेच वर वर्णिलेला रिपिटिशन लिव्हर, १८२१ मध्ये लंडनला त्याचा पुतण्या पिएर याच्या नावे पेटंट झाली; आंरी हेर्त्स याने पुढे ती सुटसुटीत केली, आणि तेच रूप किरकोळ फरकाने जगभर पसरले. पॅरिसच्याच जाँ-आंरी पाप याने १८२६ मध्ये हातोडीला चामड्याऐवजी नमदा लावण्याची रीत काढली. या प्रगतीच्या वर्णनात एक गोष्ट विसरता कामा नये. एरारची त्वरित पुनरावृत्ती हाताशी असतानाही शोपँला प्लेयेलचे वाद्य अधिक प्रिय होते, आणि त्यात जुनी, एकेरी सुटकेची ॲक्शन होती. यंत्राची चपळता हा एक गुण आहे, एकमेव गुण नव्हे, हे रेग्युलेशन करणाराने मनाशी पक्के धरून ठेवण्यासारखे आहे. वाद्य कोणाच्या हातांसाठी जुळवावयाचे आहे हे विचारल्यावाचून पान्याला हात घालू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने मोठे झाले. स्टाइनवे, बेख्स्टाइन आणि ब्ल्यूथनर ही तिन्ही घराणी १८५३ या एकाच वर्षी स्थापन झाली; स्टुटगार्टच्या रेनरसारख्या संस्थांनी १८८२ पासून केवळ ॲक्शन बनविण्याचा स्वतंत्र धंदा उभा केला, आणि वाद्य एकाचे, यंत्र दुसऱ्याचे, अशी विभागणी सर्वमान्य झाली. जपानमध्ये हामामात्सु येथे एक अमेरिकन ऑर्गन दुरुस्त करता करता तोराकुसु यामाहा याने १८८७ मध्ये स्वतःचा ऑर्गन केला आणि १९०२ मध्ये त्याच्या कंपनीचा पहिला ग्रँड तयार झाला. विसाव्या शतकात पदार्थांचे प्रयोग झाले. त्यांपैकी कावाई या जपानी कंपनीने ॲक्शनच्या भागांत वापरलेले प्लास्टिक टिकले. पण न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने १९६२ पासून सांध्यांत कापडाऐवजी टेफ्लॉनची नळी बसविली, तिच्याभोवतीचे लाकूड हवेप्रमाणे फुगे आणि आकसे व टेफ्लॉन मात्र तसेच राही, तेव्हा सांधे खटखटू लागले आणि कालांतराने कापडाकडे परतावे लागले. लाकूड आणि लोकर यांचे स्वभाव एकमेकांना सावरून घेतात, ही जुन्या कारागिरांची समजूत भाबडी नव्हती.

यंत्राचा इतिहास असा विपुल उपलब्ध असला तरी ते जुळविण्याच्या कसबाचा इतिहास मात्र तुटक आहे, कारण हे ज्ञान बहुतांशी गुरूच्या मेजाशेजारी उभे राहूनच मिळविले गेले. पॅरिसचा अंध ट्यूनर क्लोद माँताल याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक या वाङ्मयातील आद्य मानकऱ्यांपैकी एक. हातांच्या स्पर्शाने यंत्र वाचणाऱ्या माणसाने ते लिहिले याचे महत्त्व जाणकारांस सांगावयास नको. पुढे स्टुटगार्टच्या वाल्टर फायफरने पट्टी आणि तरफांची भूमिती शास्त्रशुद्ध मांडली, आणि फ्रान्त्स रुडोल्फ डीट्स याने स्टाइनवेच्या कारखान्यातील पद्धती छोटेखानी पुस्तकात ग्रथित केली. जपानी कारखान्यांनी हे काम क्रमवार पायऱ्यांत बांधून शिकवण्यास सुलभ केले. अलीकडे हातोड्यांची आणि पट्ट्यांची वजने घेऊन सबंध ॲक्शनचा तोल गणिताने मांडणारा एक विचार पुढे आला असून त्याची दखल या ग्रंथात यथास्थळ घेतली आहे.

प्रत्यक्ष मेजावर मात्र पक्ष मुख्यतः दोनच राहतात. एका पक्षाच्या मते मापे हा अंतिम फैसला : पट्टीची खोली १० मिलिमीटर, हातोडीचे तारेपासूनचे अंतर ४५ ते ४७, लेट-ऑफ तारेपासून दीड ते दोन, त्यानंतर हातोडीची खाली उतरण तेवढीच, आणि पकड तारेपासून सुमारे १५ मिलिमीटरांवर, ही मापे सर्वत्र समान झाली की काम संपले. दुसऱ्या पक्षाच्या मते जॅक निसटल्यानंतर पट्टी जो अल्पसा प्रवास आणखी करते, ज्याला आफ्टरटच म्हणतात, तो प्रत्येक पट्टीत बोटाला समान जाणवला पाहिजे, मग त्यासाठी खोलीत केसभर फरक पडला तरी चालेल. हा वाद निव्वळ शाब्दिक नाही. कॅपस्टनचे स्थान, रोलरची जाडी, फ्लँजचा, म्हणजे सांध्याच्या बैठकीचा, कोन यांत ८८ ठिकाणी सूक्ष्म भिन्नता असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी तंतोतंत समान करणे अशक्यप्राय असते, आणि म्हणून कोणत्या बाजूला झुकते माप द्यावयाचे हे ठरवावेच लागते. प्रस्तुत लेखक दुसऱ्या पक्षाचा आहे. परंतु नवशिक्याने आधी पहिल्या पक्षाची शिस्त अंगी बाणवावी, असे त्याचे आग्रहाचे सांगणे आहे. मापाचा धाक नसलेले बोट स्वतःचीच फसवणूक करून घेते.

या ग्रंथामागील मूळ भूमिका मात्र याहून व्यापक आहे, आणि ती अशी की रेग्युलेशनमध्ये कोणतेही माप एकटे नसते. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. वीस-तीस वर्षे वाजलेल्या वाद्यात विपेनच्या टाचेखालचे कापड आणि पट्ट्यांच्या मागच्या टोकाखालचा नमदा दबतो. हातोड्या नकळत दोन-तीन मिलिमीटर खाली उतरतात. आता तारेपर्यंत पोहोचण्यास हातोडीला अधिक प्रवास हवा, तो पट्टीच्या खोलीतून घेतला जातो, आणि त्यामुळे आफ्टरटच जवळजवळ नाहीसा होतो. जॅक रोलरखालून पुरता बाजूला होत नाही, परतणारा रोलर त्याच्या कडेला घासतो, आणि पकडही अनिश्चित होते. वादक तक्रार करतो ती मात्र इतकीच, की पुनरावृत्ती नीट होत नाही. घाईचा कारागीर रिपिटिशनच्या स्प्रिंगा ताणतो. त्या ताणल्या की पकड सुटताच हातोडी उसळी घेते, पट्टीत एक धक्का जाणवू लागतो, आणि पूर्वी एक दोष होता तेथे दोन होतात. वास्तविक इलाज कॅपस्टनपाशी होता. तेथे हातोडीची रेषा पूर्वपदावर आणली असती तर स्प्रिंगांना हात लावण्याची कदाचित तसदीच पडली नसती. मात्र तेथेही जपून, कारण कॅपस्टन एक मिलिमीटर चढविला तर हातोडी साधारणपणे दहा मिलिमीटर चढते. कारण एके ठिकाणी आणि लक्षण दुसऱ्याच ठिकाणी, असा हा प्रकार असल्यामुळे क्रमाला महत्त्व येते. आधी सर्व स्क्रू कसून घ्यावयाचे आणि सांधे मोकळे करावयाचे, मग पट्ट्यांची पातळी, मग हातोड्यांचे अंतर व त्यांची सरळ चाल. त्यानंतर जॅकची मागची कड रोलरच्या आतल्या लाकडाच्या कडेशी जुळवून, त्याचा माथा रिपिटिशन लिव्हरच्या पृष्ठाखाली कागदाच्या जाडीइतका ठेवावयाचा. मग हातोड्यांची उंची, लेट-ऑफ, उतरण, खोली, पकड आणि स्प्रिंग. एवढे करून पुन्हा आरंभापासून, कारण शेवटच्या पायरीने पहिल्या पायरीला जरासे हलविलेले असते. पहिल्या फेरीत अचूकतेचा अट्टाहास करणारा मनुष्य दुसऱ्या फेरीत तेच श्रम पुन्हा करतो.

घर्षणाकडे तर सर्वांत अधिक हयगय होते. पट्टीवर लहान वजने ठेवून ती ज्या भाराने हळूच खाली जाते तो भार, आणि ज्या भाराला उचलून ती वर येते तो भार, असे दोन आकडे घेतात. पहिला साधारण ५० ग्रॅम आणि दुसरा २० च्या वर असावा. दोहोंतील फरकाच्या निम्मे म्हणजे घर्षण. पहिला आकडा ५० आणि दुसरा २४ असेल तर घर्षण १३ ग्रॅम. जड पट्टी म्हणजे तिच्यात तोलासाठी बसविलेले शिसे कमी, असे गृहीत धरून जो मनुष्य लाकडात नवे शिसे ठोकतो तो बहुधा घट्ट झालेल्या सांध्याची शिक्षा निरपराध पट्टीला देत असतो.

मेजावर काम करण्याचे लाभ उघड आहेत. प्रकाश हवा तसा पडतो, हातोड्यांची रांग डोळ्यांच्या पातळीवर येते, पाठ वाकवावी लागत नाही, आणि तारेची उंची वाद्यातून मोजून एका आडव्या दांडीवर उतरवून घेतली म्हणजे लेट-ऑफसुद्धा बाहेरच जुळविता येतो. तथापि मेज हे वाद्य नव्हे. वाद्याच्या तळफळीवर की-फ्रेम, म्हणजे पट्ट्यांची चौकट, जशी बसते तशी ती मेजावर बसेलच असे नाही. मधली आडी मेजावर अधांतरी राहिली तर पट्ट्यांची सारी पातळी खोटी ठरते. म्हणून फ्रेमची बैठक आधी वाद्यातच पक्की करावयाची, मग मेजावर तीच स्थिती निर्माण करावयाची, आणि अखेरची तपासणी पुन्हा वाद्यात करावयाची, हा दंडक या ग्रंथात कोठेही शिथिल केलेला नाही. डाव्या पेडलने संपूर्ण ॲक्शन बाजूला सरकते तेव्हा हातोड्या तारांच्या कोणत्या जोडीवर पडतात, हे तर मेजावर दिसणेच शक्य नाही. आणि ॲक्शन बाहेर ओढताना वा आत सरकवताना एकही पट्टी दाबली जाऊ देऊ नये, नाहीतर उठलेली हातोडी खुंट्यांच्या फळीला अडून दांडा मोडतो. हे बजावणे प्रस्तावनेत शोभत नसेल, तरीही ते येथेच सांगितलेले बरे.

या विषयाची निकड आज आपल्याकडे विशेष आहे. मुंबईच्या पारशी व ख्रिस्ती घरांत, गोव्याच्या जुन्या वाड्यांत, शाळांच्या सभागृहांत आणि गोमंतकीय वादकांनी गाजविलेल्या चित्रपट-संगीताच्या स्टुडिओंत पियानो पिढ्यान् पिढ्या नांदला. धोबीतलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाचा इतिहास १८६५ पर्यंत मागे जातो. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समुळे आणि २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियामुळे मैफलीच्या दर्जाच्या वाद्याची अपेक्षाही वाढली आहे. परंतु जी पुस्तके उपलब्ध आहेत ती युरोप-अमेरिकेच्या हवामानासाठी लिहिलेली आहेत. तेथे हिवाळ्यात तापविलेल्या खोलीच्या कोरडेपणाची चिंता, येथे श्रावणातल्या ओलाव्याची. कोकणकिनाऱ्यावरच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते. सांध्यांतले कापड फुगून पिना आवळते, पट्ट्या चिकटतात, पोलाद गंजते. नादफळी फुगून तारांची पातळी सरकली की चैत्रात दीड मिलिमीटरवर ठेवलेला लेट-ऑफ भाद्रपदात त्या जागी राहिलेला नसतो. म्हणून किनाऱ्यावरच्या वाद्यात लेट-ऑफ दोनच्या बाजूला झुकता ठेवावा आणि पट्ट्यांची बुशे, म्हणजे पिनांभोवतीचे कापडी अस्तर, पावसाळा सरल्यावरच सैल करावी, असे या ग्रंथात सुचविले आहे. वातानुकूलित खोलीत ठेवलेले वाद्य रात्री यंत्र बंद होताच दमट हवेत सापडते, त्याची कथा आणखी निराळी. त्यातच विजेच्या पियानोंमुळे जुनी वाद्ये कवडीमोलाने निघत आहेत आणि ती सुस्थितीत आणू शकणारे हात वयोवृद्ध होत चालले आहेत. त्या हातांचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

प्रस्तुत ग्रंथ त्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही, आणि गुरूच्या शेजारी उभे राहण्याला पर्याय असल्याचा त्याचा दावाही नाही. सुतारकामाची किंवा पेटीदुरुस्तीची सवय असलेला, पण पियानो आतून कधी न पाहिलेला मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. प्रत्येक मापाबरोबर ते माप तसे का, आणि ते बिघडले तर बोटाला काय जाणवते, हे सांगण्याचा प्रयत्न आहे. निव्वळ आकड्यांचे कोष्टक हवे असेल तर ते निर्मात्यांच्या पत्रकांत मिळते आणि ज्या त्या वाद्याच्या बाबतीत तेच प्रमाण मानावे. उभ्या पियानोची ॲक्शन येथे घेतलेली नाही. हातोड्यांच्या नमद्याला सुया टोचून नादाचा पोत बदलण्याचे काम, जे रेग्युलेशन पुरे झाल्याखेरीज करूच नये, तेही घेतलेले नाही. डँपरांचा, म्हणजे तारांचा नाद थांबविणाऱ्या गाद्यांचा, विचार केवळ अखेरच्या तपासणीपुरता आला आहे. ते ॲक्शनबरोबर बाहेर येत नाहीत, वाद्यातच राहतात, आणि हातोडी साधारण अर्ध्या वाटेवर असताना पट्टीचे मागचे टोक त्यांना उचलू लागते की नाही, हे ॲक्शन आत गेल्यावर, खाली वाकून, विजेरीच्या प्रकाशातच पाहावे लागते.